बाळंतपणाची रजा, बापाची रजा आणि पगाराचा हिशेब

पुणे आणि लोणावळा यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरचे देहूरोड हे गाव लष्करी छावणीभोवती वाढले. लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड यांच्या पगारावर तेथील कित्येक घरे पिढ्यानपिढ्या उभी राहिली. पुढे पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण येथील कारखानदारी पसरत गेली, तशी याच गावातून पहाटेच्या पाळीला कंपनीच्या बसने जाणाऱ्या कामगारांची, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तरुण-तरुणींची आणि घरकाम, बांधकाम, भाजीविक्री यांवर पोट भरणाऱ्यांची वस्तीही दाट होत गेली. अपत्यजन्माच्या वेळी आई-वडिलांना मिळणारी रजा, त्या काळातला पगार आणि त्यातून नोकरीत स्त्री-पुरुषांच्या वाट्याला येणारा न्याय-अन्याय हा विषय समजून घ्यायला देहूरोडसारखे ठिकाण क्वचितच सापडेल, कारण या बाबतीत भारतात जितके वेगवेगळे नियम आहेत त्यांतले बहुतेक येथे एकमेकांच्या शेजारी नांदतात.

समजा, एकाच आळीत एकाच महिन्यात चार घरांत पाळणा हलला. पहिल्या घरातला पिता केंद्र शासनाचा नागरी कर्मचारी असेल, तर त्याला पंधरा दिवसांची पगारी पितृत्व रजा नियमाने मिळते. दुसऱ्या घरातला पिता चाकणच्या खासगी कारखान्यात कायम कामगार असेल, तर कायद्याने त्याला एकही दिवस देय नाही. युनियनच्या वेतन करारात तसे कलम असेल किंवा कंपनीने आपण होऊन सवलत ठेवली असेल तरच चार-आठ दिवस पदरात पडतात, एरवी साठवलेली रजा मोडावी लागते. तिसऱ्या घरातला पिता ठेकेदाराच्या हजेरीपटावर असेल, तर जितके दिवस हजेरी नाही तितके दिवस दाम नाही, आणि परत येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिलेला असण्याची धास्ती वेगळीच. चौथ्या घरातली आई चार घरची धुणीभांडी करणारी असेल, तर तिच्यासाठी मातृत्व रजेचा कायदा असून नसल्यासारखा आहे. चारही बाळांची भूक, जागरणे आणि लसीकरणाच्या तारखा सारख्याच असतात. वेगळे असते ते आई-बापाच्या नोकरीचे स्वरूप, आणि बाळाला घरात कोणाचा सहवास किती दिवस मिळणार हे त्या स्वरूपावरून ठरते.

या विषयावर बोलताना दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते, म्हणून त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. बाळंतपणाने स्त्रीच्या शरीराची झीज होते, जखम भरून यायला वेळ लागतो, अंगावर पाजायचे असते. यासाठी लागणारी रजा ही देहाच्या विश्रांतीची रजा आहे आणि ती आईचीच असणार, त्यात वाटेकरी कोणी होऊ शकत नाही. भारतीय कायद्यानेही बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली आहे, आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस कायद्याने दिलेल्या सव्वीस आठवड्यांच्या रजेला पुरेसा आधार देते. दुसरी रजा संगोपनाची. बाळाला न्हाऊ-माखू घालणे, रात्री उठणे, डॉक्टरकडे नेणे, बाळंतिणीची काळजी घेणे आणि मोठे भावंड असेल तर त्याला सांभाळणे या कामांना आईचेच शरीर लागते असे नाही, ती बापालाही करता येतात. कायद्याने पहिली रजा मान्य करता करता दुसरीही जवळजवळ पूर्णपणे आईच्या नावावर लिहून टाकली, आणि पुढच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघाल्या आहेत. दत्तक मुलाच्या बाबतीत हे लख्ख दिसते. तेथे बाळंतपणच झालेले नसते, म्हणजे प्रश्न निव्वळ संगोपनाचा उरतो; तरीही मातृत्व लाभाच्या कायद्यात दत्तक मातेला बारा आठवड्यांची रजा आहे आणि दत्तक पित्याचा उल्लेखसुद्धा नाही.

केंद्र शासनाचे नियम त्यातल्या त्यात उदार आहेत. १९७२ च्या केंद्रीय नागरी सेवा रजा नियमांनुसार स्त्री कर्मचाऱ्याला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते; सहाव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १ सप्टेंबर २००८ पासून, ती १३५ दिवसांवरून इतकी वाढली. पुरुष कर्मचाऱ्यांची पंधरा दिवसांची पितृत्व रजा पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९९७ मध्ये सुरू झाली. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या कर्मचाऱ्याला ती मिळते आणि प्रसूतीच्या आधीच्या पंधरा दिवसांपासून प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता येते. एक वर्षाच्या आतील मूल दत्तक घेणाऱ्या पित्यालाही ती लागू आहे, आणि जून २०२४ मधील दुरुस्तीने सरोगसीद्वारे, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवून, झालेल्या अपत्याच्या माता-पित्यांनाही अनुक्रमे १८० आणि पंधरा दिवसांची रजा देऊ केली आहे. देहूरोडची ऑर्डनन्स फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली, तेव्हा जुन्या कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर मानून त्यांच्या सेवाशर्ती केंद्र शासनाच्याच ठेवण्यात आल्या. कामगारांनी त्या टिकाव्यात असा आग्रह का धरला, हे रजेचा हा तपशील पाहिला की कळते.

या उदार नियमांतही एक मोठी गाठ आहे. मुले अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या आजारपणासाठी, परीक्षांसाठी, संगोपनासाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा स्त्री कर्मचाऱ्याला मिळते. तीतल्या पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण वेतन आणि पुढच्या ३६५ दिवसांना ऐंशी टक्के वेतन असते. डिसेंबर २०१८ पासून ही रजा पुरुषांनाही मिळू लागली, पण फक्त एकट्या पित्याला, म्हणजे विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित पालकाला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्येच आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आणि पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांनाही तीत सामील करून घेतले. दोन्ही ठिकाणी सदिच्छा आहे यात शंका नाही. परंतु नियमाचा अर्थ असा होतो की आई धडधाकट असेपर्यंत मूल हे तिचेच काम, आणि बापाची पाळी ती मेल्यावर, गेल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर. पती-पत्नी दोघेही केंद्राच्या नोकरीत असले तरी दहावीला बसलेल्या मुलासाठी रजा टाकायची ती आईने, आणि पदोन्नतीच्या वेळी दोन वर्षांची अनुपस्थिती दिसायची तीही तिच्याच नोंदींत. शासनाने दिलेली सवलत शासनाच्याच नोकरीत स्त्रीला मागे ठेवते, ही गोष्ट गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

खासगी क्षेत्रात मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ या कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा आणली आणि १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे केली. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या स्त्रीला ती मिळते, रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करून आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचे असते. पाळणाघराची ही तरतूद जुन्या कारखाने अधिनियमापेक्षा नक्कीच शहाणपणाची आहे. १९४८ च्या त्या अधिनियमात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर सक्तीचे होते, त्यामुळे स्त्रियांची भरती तिसाच्या आत ठेवली की खर्च वाचत असे. नव्या तरतुदीत स्त्री-पुरुष सगळे मिळून पन्नास मोजले जात असल्याने ती पळवाट बंद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मातृत्व लाभाची ही चौकट बव्हंशी तशीच पुढे चालवली. पित्याला मात्र त्या संहितेतही जागा मिळाली नाही.

आता पैशाकडे वळले पाहिजे, कारण न्यायाचा खरा निकाल तेथे लागतो. १९६१ च्या कायद्याप्रमाणे आणि आता संहितेप्रमाणेही रजेतला संपूर्ण पगार ज्या मालकाकडे ती स्त्री काम करते त्यानेच द्यायचा असतो. महिना तीस हजार रुपये पगार असलेल्या स्त्रीच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेचा भार सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये होतो, आणि तिच्या जागी तात्पुरता माणूस नेमला तर त्याचा पगार वेगळा. शेकडो माणसांच्या कंपनीत ही रक्कम पचून जाते. पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये किंवा लहान कार्यालयात ती एका वर्षाच्या नफ्याला भगदाड पाडते. अशा मालकासमोर सारख्याच पात्रतेचे पंचविशीतले दोन उमेदवार आले, एक स्त्री आणि एक पुरुष, तर कायदा त्याला नकळत सांगतो की स्त्री घेतलीस तर हा खर्च तुझ्या माथी येऊ शकतो, पुरुष घेतलास तर येणार नाही. मुलाखतीत लग्न झाले का, मुले किती, सासरी कोण कोण आहे असे प्रश्न फक्त स्त्रीलाच का विचारले जातात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

या हिशेबाला पर्याय आपल्याकडेच पंचाहत्तर वर्षांपासून आहे. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगार ज्याला नुसते ईएसआय म्हणतात ती योजना, १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. आजारपण, अपघात आणि बाळंतपण या प्रसंगांसाठी कामगार व मालक दोघांनी दरमहा वर्गणी भरायची आणि प्रसंग आला की योजनेच्या निधीतून पैसे मिळायचे, असे तिचे स्वरूप आहे. महिना एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तीत येतात, ठेकेदाराचे कामगारही येतात. २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. वीस हजार वेतनाच्या कामगारासाठी मालक दरमहा ६५० रुपये भरतो, कामगाराचे १५० रुपये कापले जातात, आणि त्या जागी स्त्री असो की पुरुष, आकडा एकच राहतो. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची भरपाई योजनेच्या निधीतून मिळत असल्याने स्त्रीला नोकरी दिली म्हणून मालकाच्या खिशाला जास्तीची झळ लागत नाही. म्हणजे कमी पगाराच्या कामगार स्त्रीच्या बाबतीत जो अन्याय विम्याने दूर झाला आहे, तो एकवीस हजारांच्या वर गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत कायम आहे, आणि ती जितकी अधिक शिकेल, अधिक कमावेल तितकी मालकाला महाग वाटत जाईल. याच योजनेत पुरुष कामगारही महिन्याला दीडशे रुपये भरतो. त्याच्या पत्नीच्या बाळंतपणाची वैद्यकीय सोय चिंचवडच्या मोहननगर येथील ईएसआय रुग्णालयासारख्या ठिकाणी होते, परंतु बाळासाठी घरी थांबल्याबद्दल त्याला योजनेतून एक रुपयाही मिळत नाही.

बाळंतपणाचा भार कोणी उचलायचा हा वाद मराठी मुलखाला नवा नाही. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मातृत्व संरक्षणाचा पहिला करार केला, तेव्हाच त्यात हा लाभ सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावा असे म्हटले होते. भारताने त्या करारावर मोहोर उठवली नाही. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. मग मुंबई इलाख्याने स्वतंत्रपणे पाऊल उचलले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी मांडणी केली. प्रजेच्या कल्याणाची जबाबदारी मुख्यतः सरकारची असल्याने या लाभाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही तोवर, स्त्रियांच्या श्रमातून फायदा मिळवणाऱ्या मालकाने तो सोसणे गैर नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबई मातृत्व लाभ अधिनियम हा या विषयावरचा देशातला पहिला कायदा. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मातृत्व लाभाच्या कायद्यात आंबेडकरांनीच सुधारणा घडवल्या. देहूरोडला बाबासाहेबांचे नाव २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते प्रतिष्ठापित झालेल्या बुद्धमूर्तीमुळे भक्तिभावाने घेतले जाते. त्यांच्या कामगारविषयक कामाची आठवणही तेथे तितक्याच आदराने निघावी, कारण त्या गावातल्या प्रत्येक नोकरदार आईच्या रजेशी त्याचा संबंध आहे.

सरकारने मोठा भार उचलावा हा विचार मात्र कागदावरच राहिला, आणि त्याची किंमत मुंबईच्या गिरणगावात स्त्रियांनी मोजली. १९२० च्या दशकात गिरण्यांमध्ये साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती. नंतरच्या काही दशकांत हे प्रमाण उतरत उतरत नाममात्र उरले. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत: स्त्रियांच्या रात्रपाळीवर आलेली बंदी, वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत आलेली नवी यंत्रे, पुरुषांनाच कुटुंबाचा पोशिंदा मानणारी युनियनची दृष्टी. पण बाळंतपणाचा आणि पाळणाघराचा खर्च फक्त स्त्री कामगारामुळे येतो, हे मालकांच्या लक्षात आले होते यातही संशय नाही. संरक्षणाचा कायदा करायचा आणि त्याचा खर्च एकट्या मालकावर सोडायचा, याचा परिणाम काय होतो हे महाराष्ट्राने एकदा पाहिलेले आहे.

न्यायालयांनी या बाबतीत वेळोवेळी स्त्रीची बाजू सावरून धरली. मुंबईतल्या एका औषध कंपनीतील लग्न होताच स्त्री कामगाराची नोकरी संपवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये रद्द केला. पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीला निवृत्त करण्याची एअर इंडियाची अट १९८१ मध्ये नर्गीस मिर्झा प्रकरणात मोडीत काढली. रोजंदारीवरील स्त्रियांनाही मातृत्व लाभ मिळाला पाहिजे असे २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितले, आणि कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ संपत नाही असे २०२३ मध्ये स्पष्ट केले. चाकण-तळेगाव पट्ट्यात ठराविक महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा कामावर घेतल्या जाणाऱ्या मुलींसाठी हे शेवटचे दोन निकाल फार मोलाचे आहेत. त्यांची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र कोणी हाती घेतलेले दिसत नाही.

कायदा आणि न्यायालय यांच्या आवाक्याबाहेर राहतो तो पगारातला हळूहळू वाढत जाणारा फरक. मूल झाल्यानंतर आईच्या कमाईला लागणाऱ्या कायमच्या कात्रीला अर्थशास्त्रात मातृत्वदंड म्हणतात. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारलेल्या एका सुप्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की पहिल्या अपत्यापर्यंत स्त्री-पुरुषांची कमाई बरोबरीने चालते, अपत्यजन्माबरोबर स्त्रीची कमाई घसरते आणि दीर्घकाळात ती पुरुषाच्या तुलनेत सुमारे वीस टक्क्यांनी कमी राहते. पित्याच्या कमाईवर मात्र ओरखडाही उमटत नाही. पाळणाघरे आणि रजा यांबाबतीत जगात पुढे असलेल्या देशाची ही स्थिती आहे. कामाच्या बाजारातील स्त्रियांचा इतिहास अभ्यासणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही मूल झाल्यानंतर रुंदावणाऱ्या या दरीवर प्रकाश टाकल्यामुळे. आपल्याकडे कारखान्यात हे असे घडते: बाळ लहान म्हणून आई ओव्हरटाइम नाकारते, रात्रपाळी टाळते, दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षणाला जात नाही, आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात मागे पडते, खर्च वाढला म्हणून बाप ओव्हरटाइम वाढवतो आणि जबाबदार माणूस म्हणून वर चढतो. घरात तो जितका कमी असतो, तितका कामावर भरवशाचा ठरतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात असे दिसले. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा आहे. पगारातली दरी आणि या मिनिटांतली दरी या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

म्हणूनच बापाची रजा हा आईच्या न्यायाचा भाग ठरतो. पुरुषांना रजा दिली तर ते ती लोळण्यात घालवतील, ही शंका आपल्याकडे सर्रास घेतली जाते. २०१६ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनीही अशी रजा पुरुषांसाठी केवळ सुट्टी ठरेल अशा अर्थाचे मत व्यक्त केले होते. ही शंका अगदीच निराधार नाही, पण बापाला कधी संधीच न देता त्याच्यावर ठपका ठेवणे न्याय्य नाही. समाजाची नजरही बदलते. १९७६ मध्ये क्रिकेटपटू सुनील गावस्कर यांना मुलगा झाला तेव्हा ते परदेश दौऱ्यावर होते आणि खेळाडूने अशा वेळी घरी परतण्याची तेव्हा रूढी नव्हती. २०२० मध्ये कर्णधार विराट कोहली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून पहिल्या कसोटीनंतर अपत्यजन्मासाठी परतला, तेव्हा क्रिकेट मंडळाने त्याला रीतसर रजा दिली होती. हा बदल कर्णधारापर्यंत आला, कामगारापर्यंत यायचा आहे.

तो आणण्याचा नेमका प्रयत्न एका मराठी खासदाराने केला होता. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभ विधेयक खासगी सदस्याचे विधेयक म्हणून मांडले. खासगी व असंघटित क्षेत्रातील पित्यांनाही पंधरा दिवसांची रजा मिळावी आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी, असे त्यात म्हटले होते. त्यातला अधिक महत्त्वाचा भाग निधीचा होता: सर्व कर्मचारी, मग ते स्त्री असोत की पुरुष, मालक आणि केंद्र सरकार यांनी मिळून तो उभारायचा आणि रजेचा पगार त्यातून द्यायचा. विधेयक कायद्यापर्यंत पोहोचले नाही, आणि सातव यांचे मे २०२१ मध्ये करोनानंतरच्या गुंतागुंतीने अकाली निधन झाले. डिसेंबर २०२५ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी पित्यांच्या पगारी रजेचे विधेयक पुन्हा लोकसभेत मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा होऊ शकलेले नाही, हे लक्षात घेता अशा विधेयकांचे काम चर्चा जिवंत ठेवण्यापुरते उरते. सरकारने स्वतः विषय हाती घेतल्याखेरीज ती पुढे सरकत नाहीत. सरकारने २०१८ मध्ये पंधरा हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांच्या रजेपैकी सात आठवड्यांचा पगार मालकाला परत करण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता, तोही कायद्यात उतरला नाही.

परदेशांच्या अनुभवातून एक गोष्ट निःसंशय शिकण्यासारखी आहे. स्वीडनने १९७४ मध्ये प्रसूती रजेच्या जागी दोन्ही पालकांची रजा आणली आणि ती आपसांत वाटून घेण्याची मुभा दिली, तेव्हा ती जवळजवळ सगळी आयांनीच घेतली. काही दिवस बापाचेच, त्याने घेतले नाहीत तर वाया जाणारे, असा नियम १९९५ मध्ये झाल्यावर चित्र बदलू लागले. आज एका अपत्यामागे ४८० दिवसांपैकी नव्वद दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे बापासाठी राखून ठेवले आणि तोवर अगदी तुरळक असलेल्या, रजा घेणाऱ्या पित्यांचे काही वर्षांतच बहुमत झाले. जपानमध्ये कायद्याने बापाला दीर्घ रजा असूनही २०१२ मध्ये ती शंभरात दोघेही घेत नव्हते, कारण साहेब काय म्हणतील ही भीती. २०२२ पासून मालकाने प्रत्येक होणाऱ्या पित्याला स्वतःहून रजेबद्दल विचारावे असे बंधन आले, आणि २०२३ मध्ये हे प्रमाण तीस टक्क्यांवर गेले. रजा पगारी हवी, दुसऱ्याला न देता येणारी हवी, आणि ती मागण्याचे ओझे एकट्या कामगारावर नको, या तीन अटी पुऱ्या झाल्या की बाप घरी थांबतो.

आपल्याकडे या नियमांना स्थानिक चालीरीतींचे भान मात्र ठेवावे लागेल. मावळात, किंबहुना बहुतेक महाराष्ट्रात, पहिले बाळंतपण माहेरी होते; शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बारसे हे सगळे तिकडे उरकून लेकुरवाळी तीन-चार महिन्यांनी सासरी येते. प्रसूतीनंतर लगेच पंधरा दिवस रजा दिली तर बापाचे त्यातले अर्धे दिवस सासुरवाडीच्या ओसरीवर जातील. त्याची खरी गरज लागते ती पुढे. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव इकडून आलेली जोडपी विकासनगर-किवळेच्या एका खोलीत राहतात, सासू गावी शेतीत असते, शेजार नवा असतो, आणि रात्री रडणाऱ्या बाळाला घेऊन आईला एकटीला दिवस काढावे लागतात. म्हणून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही, शक्यतो तुकड्यांतही, घेता येणारी रजा हवी. आईची सव्वीस आठवड्यांची रजा संपून ती पुन्हा कामावर जाते, तो पहिला महिना तर नोकरी सुटण्याचा महिना असतो. त्या वेळी बाप घरी असेल तर कित्येक नोकऱ्या टिकतील.

असंघटित स्त्रियांचा प्रश्न याहून कठीण आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार रुपये मिळतात. पौष्टिक आहाराला तेवढीच मदत होते, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून हा आकडा कोणत्याही मापाने अपुरा आहे. घरकाम करणाऱ्या बाईने तीन महिने काम सोडले की घरे हातची जातात, आणि तिचा नवरा बिगारी असेल तर त्याच्या रजेची गोष्ट काढण्यातही अर्थ नसतो. या कुटुंबांपर्यंत पोहोचायचे तर पैसा सार्वजनिक निधीतूनच यावा लागेल, कारण बोट दाखवता येईल असा एक मालकच त्यांना नाही.

सगळे एकदम होणार नाही, म्हणून सुरुवात कोठून करावी हे ठरवले पाहिजे, आणि ती ईएसआयपासून करावी. तेथे वर्गणी आहे, नोंदी आहेत, कार्यालये आहेत, रुग्णालयात झालेल्या जन्माचा दाखलाही आहे. वीस हजार वेतनाच्या पित्याला पंधरा दिवसांचे वेतन द्यायचे झाले तर दहा हजार रुपये लागतात. वेतनाची मर्यादा वाढवून अधिक पगाराच्या स्त्रियांची प्रसूती रजाही त्याच निधीतून दिली तर लहान मालकाचीही सुटका होईल. हे दिल्लीने करायचे काम आहे. पण जे करायला दिल्लीची गरज नाही असेही एक काम आहे. चाकण, तळेगाव आणि पिंपरी-चिंचवडच्या युनियन दर तीन-चार वर्षांनी मालकाला मागणीपत्र देतात. त्यात पगारवाढ, बोनस, कॅन्टीन, बस यांची कलमे असतात. येत्या करारात वडिलांच्या पंधरा दिवसांच्या पगारी रजेचे कलम घालावे, ती सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता यावी असे लिहून घ्यावे, आणि ठेकेदाराचे कामगार त्यातून वगळू देऊ नयेत. सुरुवातीला कल्पिलेल्या आळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घराला ते पहिल्या घराच्या बरोबरीने आणता येईल, आणि त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही.